झाकण

डॉर्टमुंडला जाताना योआखिमनं जे जे मागे टाकलं
त्यात तोही होता, कॅसेटवर चालणारा कॉम्प्युटर,
नाताळच्या काचेच्या गोळ्यांखाली, फाटक्या टॉवेलात गुंडाळलेला.
कॅसेटवर त्याच्या अक्षरात: गोळीबार ३.
एक आणि दोन कुठे गेले कधीच कळलं नाही.
बाजारातल्या माणसानं सरळ तीनच दिला होता.

लोड व्हायला सात मिनिटं लागायची.
सात मिनिटं आम्ही पलंगावर, पाय वर घेऊन,
श्वाससुद्धा मोजूनमापून,
कारण फरशी हलली की टेप अडखळायची
आणि बितॉममध्ये फरशी हलायचीच.
आधी कपाटातल्या कपबश्या किणकिणायच्या,
मग भिंतीतली भेग केसभर पुढे सरकायची,
मग पडदा काळा.
"बाबांनी पाडलं," योआखिम म्हणायचा.
खाली सातशे मीटरवर कोळशाचा कुठलासा थर बसला असेल,
आणि आम्ही बाबांवर चिडायचो,
टेप पुन्हा पहिल्यापासून.
चिडायचो. घाबरायला हवं होतं.

खेळ सगळा वरून दिसायचा.
घरांना छपरं नाहीत, माणसांना चेहरे नाहीत,
नुसते माथे, खांदे, आणि पुढे आलेली बंदूक.
आपला माणूस म्हणजे एक पिवळा ठिपका.
भुयारं, दारं, पुन्हा भुयारं.
दिशा योआखिमकडे, गोळी माझ्याकडे,
आणि त्याचं कोपर कायम माझ्या बरगडीत.
मला वाटायचं, जमिनीचं झाकण कुणी काढलं,
डब्याचं काढतात तसं,
तर बाबा असेच दिसतील:
पिवळं हेल्मेट, पुढे उजेडाचा त्रिकोण,
आणि वळणापलीकडे काय आहे
ते आपल्याला दिसतंय, त्यांना नाही.
म्हणून मी फार गोळ्या झाडायचे.
रिकाम्या कोपऱ्यांवरसुद्धा.
"संपवतेस सगळ्या, रुता!" योआखिम ओरडायचा.
त्याला कारण सांगितलं नाही.

आज पहिल्याच फटक्यात लोड झाला.
खाण बंद झाल्यापासून कपबश्या गप्प असतात.
तरी सातही मिनिटं मी पाय वर घेऊनच बसले.

आणि मग कळलं, मला चालता येत नाही.
उजवा हात तयार, डावा अडाणी.
पिवळा ठिपका भिंतीला धडकतो, मागे येतो,
पुन्हा त्याच भिंतीला.
पहिल्याच भुयारात दोनदा मेले.
योआखिमला फोन लावला. तो हसला,
म्हणाला, गोळीचं बटण कुठलं तेही आठवत नाही,
मग लेकीच्या दातांच्या तारांचा खर्च सांगत बसला.

बाबा आले, नाकात नळी,
ऑक्सिजनची गाडी मागे ओढत.
चहा मागायला आले होते.
डावीकडे खुर्ची ओढली. बराच वेळ बघत राहिले.
"ह्या बोगद्याला आधार कुठेय?
एक खांब नाही. कुणी खणलंय हे?"
मग ते जाड बोट, ज्याचं नख काळंच राहिलं,
बाणाच्या बटणावर आलं.
ते घाई करत नाहीत. भिंत धरून जातात.
दर वळणाआधी थांबतात, कान देतात,
स्पीकर तर कधीच गेलाय.
ते चालतात. मी झाडते.
असं करत पोचलो एका खोलीत
जिथे योआखिम आणि मी कधी गेलोच नव्हतो:
हिरवी फरशी, तीन दारं, शत्रू एकही नाही.
"थांब जरा इथे," बाबा म्हणाले,
मला की ठिपक्याला, कोण जाणे.

मी चहा टाकायला उठले.
परत येताना मागून, वरून, दिसला त्यांचा माथा:
विरळ केस, आणि कातडीखाली कोळशाची निळी रेघ,
इतकी वर्षं हेल्मेटखाली असलेली.

"गोळी," मान न वळवता ते म्हणाले.
"कुणीतरी येतंय."

माझ्या दोन्ही हातांत कप होते.