नियम क्रमांक चार

लाकडी रोलर-कोस्टरच्या शेवटच्या डब्यामागे
उभी असते माझी बहीण, साइमी,
हातात ब्रेकचा दांडा,
लोकरीची टोपी कानांवर ओढलेली, भर जुलैतसुद्धा.
बावीस वर्षं. दिवसाला साठ फेऱ्या.

खाली बंदर, क्रेन, आखातात सांडलेली बेटं.
ती बघत नाही. ऐकते.
सातव्या वळणावरची फळी दमट हवेत
अर्धा सूर खाली बोलते म्हणे.
मग दांडा जरा आधी ओढायचा.

मी एकदाच बसलो त्या गाडीत.
उतरलो तेव्हा सकाळची लापशी बुटांवर.
"तुला भीती नाही वाटत?"
"वाटते की," ती म्हणाली, "पण तिची जागा ठरलेली आहे.
तिसऱ्या उतारावर येते, पोटात शिरते,
दोन सेकंद अंग घट्ट आवळून धरते
(असं मी कुणालाच धरू देत नाही)
आणि जाते.
पुढच्या फेरीला पुन्हा तिथेच."

आईला वाटायचं, हिला घडवताना
भीतीचा स्क्रू बसवायचा राहिला.
पाच वर्षांची असताना गोठलेल्या आखातावर
एकटीच चालत गेली, बर्फ कसा तडकतो ते ऐकत.
एका कोळ्याने काखेत मारून परत आणली,
नाहीतर ही कविता इथेच संपली असती.
त्याच आठवड्यात केस कापायच्या दुकानात
खुर्चीखाली शिरून तासभर किंचाळली.
आईने दोन्ही गोष्टी एकाच वहीत लिहिल्या,
मध्ये रेघ न मारता.

एकेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांनी एक शब्द दिला.
साइमीने तो घडी घालून पाकिटात ठेवला,
पावती ठेवावी तसा.
तोवर वेइक्को नावाचा गोडबोल्या
तिचा दोन महिन्यांचा पगार उसना घेऊन गेलेला.
त्याच्या आवाजातली सैल फळी
तिला ऐकू आली नव्हती.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी हंगाम संपला
आणि मी चूक केली.
मीच. राकेल मॅनेजर नको म्हणत होती.
कँटीनमध्ये अंधार, तीस माणसं दबा धरून,
खुर्चीखुर्चीला फुगे,
आणि दार उघडताच एकदम दिवे, एकदम आरडाओरडा, एकदम टाळ्या.

पाच मिनिटांनी कुणीतरी वर बोट दाखवलं.
दुरुस्तीच्या जिन्याने ती चढून गेली होती,
अगदी माथ्यावर, जिथे गाडी क्षणभर थांबल्यासारखी वाटते.
खाली धावपळ. पडेल! अरे, आगीचा बंब बोलवा!
कुणी रडायलाही लागलं.

मी चढलो.
कठडा एकाच बाजूला, पायऱ्यांमधून समुद्र दिसत होता,
आणि माझे गुडघे दुसऱ्याच कुणाचे तरी.
वर ती बसलेली, पाय खाली सोडून,
कमरेचा आकडा तारेत अडकवलेला. नियम क्रमांक चार.
टोपी काढून मांडीवर ठेवलेली.
किती वर्षांनी मी तिचे कान पाहिले.

"काय झालं गं खाली?"
"फुगे होते," ती म्हणाली.
"फुगा कधी फुटेल ते कुठेच लिहिलेलं नसतं."
मग बऱ्याच वेळाने,
"आणि तुम्ही सगळे हसत होतात.
ते कुठे थांबतं, तेही."

आखातात एका जहाजाने दिवे लावले.
तिने खिशातून दुसरा आकडा काढला.
"हा लाव. आणि डावा खांब धर.
उजवा मागच्या वर्षी बदललाय,
माझी अजून त्याच्याशी ओळख नाही."
मी डावा धरला. लाकूड उन्हाने अजून कोमट होतं.

खाली कँटीन आवरत असावेत.
एक फट्. मग एक. मग दोन लागोपाठ.
प्रत्येकाला तिचे खांदे किंचित उडत होते
आणि ओठ हलत होते.
"चल, उतरू या?" मी म्हणालो.
"तीस होते," ती म्हणाली, "अठ्ठावीस झाले."

आम्ही थांबलो.