घडी

आमच्या कुंडांचा वास अंत्युखियाच्या वेशीपर्यंत जातो,
म्हणून आमचं घर नदीच्या उताराला, सगळ्यांच्या शेवटी.
आधी मीठ, मग सातूचं पीठ, मग मायफळाचं काळं पाणी.
कातडं कुंडात सोडताना बाबा दर वेळी मोठ्यानं म्हणायचे,
"हे पवित्र अक्षरांसाठी."
न बोलता सोडलेलं कातडं
चपलेला चालतं, शास्त्राला नाही.

मी हलफताची मुलगी. अर्धचंद्री सुरी माझ्या हातात.
केस, मांस, चरबी खरवडता खरवडता
मला कळतं कोणतं जनावर उपाशी होतं,
कोणाला गोमाशी कुठं चावली होती.
एवढंच वाचता येतं मला.

यूदान, माझा धाकटा, शब्बाथला सभास्थानात
आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत
तेओदोती नावाच्या रंगारणीच्या माडीवर.
तिथं ग्रीक, सुरियानी, आमच्यातले पाच-सहा,
मालकाकडून पळालेला एक गुलाम,
सगळे एकच भाकर मोडतात, एकाच प्याल्याला ओठ लावतात.
भाकरीआधीचं आशीर्वचन आमचंच आहे म्हणे,
थोडं लांबवलंय.
"घरावर मजला चढवावा तसं?" मी विचारलं.
बाबा आतून म्हणाले, "मजला चढवणाऱ्यांनी
खाली राहणाऱ्यांना विचारावं तरी."

नखुनिया लेखनिक आमची कातडी शिवून लांब गुंडाळी करतो.
तिच्यात शेवटाला पोचायचं
तर सगळं रान पायी तुडवावं लागतं.
माडीवरचे तीच कातडी दुमडतात,
दोऱ्यानं पाठीत टाके घालतात.
एक बोट इथं, एक बोट तिथं,
आणि शेकडो वर्षांपूर्वीचा संदेष्टा
कालच्या गोष्टीला गाल लावून बसतो.
"बघ, हे त्याच्याचबद्दल होतं," यूदान म्हणाला.
बाबांनी घडी उलगडून पाहिली, पुन्हा मिटली.
"जवळ आलंय खरं. मधलं अंतर कुठं ठेवलंत?"

देवाचं नाव मात्र दोघांनाही झेपत नाही.
नखुनिया ते पूर्ण लिहितो आणि वाचत नाही,
त्या जागी दुसराच शब्द उच्चारतो.
माडीवरचे टोकाची दोन अक्षरं लिहून
वर आडवी रेघ ओढतात,
झोपलेल्या मुलावर पांघरूण ओढावं तशी.

मग माडीवर स्मुर्णाहून कुणी पाहुणा आला,
म्हणाला, शब्बाथ आता पुरे.
आणि सभास्थानातल्या प्रार्थनेत एक ओळ वाढली,
जिच्यावर आमेन म्हणायला
यूदानचा आवाज फुटेना.
शेजारच्यांनी ते ऐकलं. म्हणजे ऐकू आलं नाही, ते ऐकलं.
त्या वर्षी आमच्या घराची घडी विस्कटली
ती विस्कटलीच.

बाबा गेले तेव्हा तो आला.
अंगरखा फाडला, माझ्याशेजारी जमिनीवर बसला,
शेजारणीनं आणलेल्या मसुरा मुकाट्यानं खाल्ल्या.
तिसऱ्या दिवशी म्हणाला, "ताई, ते उठतील."
मी म्हटलं, "हे तू मला सांगतोस?
ते स्वतः रोज तीनदा हेच म्हणायचे."
"हो. पण आता सुरुवात झालीय."
मी दाराबाहेर पाहिलं.
रोमी शिपाई घोड्यांना पाणी पाजत होते,
एक म्हातारा डोक्यावरून लाकडं नेत होता.
सुरुवात झाली असती तर,
एवढंच मनात आलं, आणि मी त्याच्या वाटीत अजून मसुरा वाढल्या.

सात दिवसांनी कुंडात हात घातला.
बाबांनी शब्द बोलून सोडलेलं शेवटचं कातडं तळाशी होतं.
ताणलं, खरवडलं. बरोबर कण्यावर
गोमाशीचं भोक, मसुरेएवढं.
कण्यावरूनच कापतात कातडं. मीही कापलं.
अर्धं नखुनियाकडे गेलं,
अर्धं रंगारणीच्या पोरानं नेलं, पैसे उधार ठेवून.

दोघांनीही तिथं अक्षरं सरकवून लिहिली असतील,
काठावरच्या अर्ध्या वाटोळ्याला वळसा घालून.
काय लिहिलं, मला वाचता येणार नाही.
जागा ओळखेन.