काटा

सोमवारपासून पुन्हा.
तिसऱ्यांदा खरं तर, पण लारिसाने आकडा काढला नाही,
नुसता फ्रिजचा खालचा कप्पा रिकामा केला
आणि चिकटपट्टीवर लिहिलं: ओरेस्ट.
अंडी, लोणी, खारवलेली चरबी, आंबवलेली कोबी.
अकरा वर्षांच्या संसारात
माझ्या एकट्याच्या नावावर झालेली पहिली जागा.

बाहेर उणे एकतीस.
सस्कॅचवानमधल्या आमच्या गावात फेब्रुवारीत
कुणी कुणाशी हवेबद्दल बोलत नाही, नुसती मान हलवतात.
मी धान्याच्या कोठारावर कामाला.
गव्हाचे ट्रक तोलतो. आधी भरलेला, मग रिकामा,
मधला फरक लिहून देतो शेतकऱ्याला.
संध्याकाळी भुवयांत, कानांत गव्हाची धूळ घेऊन
न्हाणीघरातल्या काट्यावर चढतो.
मला रिकामं करून कुणी कधी तोललेलं नाही,
तेव्हा फरक किती, सांगता येत नाही.

मागच्या खेपेला नाताळच्या रात्री घात झाला.
बारा पदार्थ, आणि पहिलीच वाटी मधातल्या गव्हाची.
सासूबाईंनी चमचा पुढे केला, मी तोंड उघडलं,
आणि पुढचे तीन आठवडे
पहिले पाढे पंचावन्न.

या वेळी तिसऱ्या दिवशी डोकं धरलं,
पोटऱ्यांत गोळे आले.
पहाटे सिंकपाशी उभा राहून मिठाचं पाणी पीत होतो
तर मार्कियान आला, दहा वर्षांचा, झोपेतच,
शेजारी उभा राहून त्यानेही एक घोट घेतला,
तोंड वाकडं केलं,
आणि काही न विचारता परत जाऊन झोपला.

कालिना विचारते. ती सहा वर्षांची आहे.
बाबा, बटाटा वाईट असतो का?
नाही गं, बटाटा चांगला असतो.
मग तू वाईट आहेस?
लारिसा भांडी घासत होती. नळ जरा मोठा केला तिने.
मी म्हणालो, आमचं सध्या पटत नाही, एवढंच.
कालिनाने बटाट्याला माझ्यातर्फे सॉरी म्हटलं
आणि खाऊन टाकला.

शनिवारी चर्चच्या सभागृहासाठी वीस डझन पिरोही.
सासूबाई लाटतात, लारिसा सारण भरते,
कडा मिटायच्या मी.
माझ्या अंगठ्याने मिटलेली उकळत्या पाण्यात उघडत नाही,
या घरात माझी पदवी म्हणाल तर ती एवढीच.
सासूबाईंनी मला बोलवलं नाही.
खुर्ची मात्र ओढून ठेवली होती, पिठाने पुसलेली.
बसलो.
दोनशे चाळीस वेळा पीठ बोटांत आलं आणि गेलं.
कांदा लोण्यात परतत होता. लोणी मला चालतं,
कांद्याचं मोजून.
वासाचं कुठल्याच तक्त्यात लिहिलेलं नाही.

त्या एकदाच म्हणाल्या, पिठाकडे बघत,
माझी आई म्हणायची, भाकरीला नाही म्हणणारा माणूस
एक तर देव असतो नाही तर आजारी.
मी म्हणालो, साखर नऊ पूर्णांक दोन आहे.
म्हणजे देव नाहीस, त्या म्हणाल्या,
आणि लाटणं पुन्हा चालू झालं.

रात्री जेवताना मार्कियानचं कोपर लागून
पावाचा तुकडा खाली पडला, नेमका माझ्या पायाशी.
आमच्यात पडलेला पाव उचलून त्याची पापी घेतात.
माझ्या आजीने शिकवलं, मी मुलांना शिकवलं,
आता चौघंही माझ्याकडे बघत होती.
वाकलो. उचलला. अजून कोमट होता.
ओठ टेकवले आणि टेबलावर ठेवला.

मग माझ्या ताटातली अंडी खाल्ली, सगळी,
ओठाला चिकटलेला कण
जिभेने काढावा की रुमालाने
हे ठरेपर्यंत
जेवण संपलं होतं.
कालिना म्हणाली, बाबा, तुझ्या तोंडाला लागलंय.
म्हटलं, असू दे.