सहा बाय चार

दिठे सरांनी पहिल्या दिवशी फक्त ठिपका दिला.
कोऱ्या कागदावर एक काळा ठिपका.
म्हणाले, याला एकटा पाड.
दुसऱ्या दिवशी म्हणाले, आता गर्दीत हरव.
आठवडाभर आम्ही ठिपकेच सरकवले
टिळक रोडवरच्या तिसऱ्या मजल्यावर,
खाली उसाचा चरक घुंगरं वाजवत असताना.

मग अक्षरं.
'क' आणि 'र' यांच्यामध्ये किती जागा सोडायची
ते मोजायचं नसतं, म्हणाले, ऐकायचं असतं.
मला काही ऐकू आलं नाही.
मी फुटपट्टी लावली. दोन मार्क गेले.

संध्याकाळी साडेसहाची बस, धायरी फाटा.
रज्जाकभाईंच्या फ्लेक्सच्या दुकानात
सगळं उलटं.
इथं चौरस फुटाचा भाव,
आणि पैसे मोजून रिकामी जागा कोण घेणार?
वाढदिवसाच्या एका फ्लेक्सवर सत्तेचाळीस शुभेच्छुक,
प्रत्येक चेहरा अध्यक्षांहून लहान
आणि शेजारच्याएवढाच,
नखभर कमी पडला की रात्री अकराला फोन.
सरांना सांगितलं तर ते हसले नाहीत.
म्हणाले, ही पण उतरंडच आहे, मोझे.
तुझे शुभेच्छुक माझ्यापेक्षा बरं शिकवतात.

बुधवारी शटर अर्धं खाली आल्यावर
सुलोचनाबाई आल्या.
भावाचा फ्लेक्स, सहा बाय चार,
उद्या दहावा.
फोटो एकच, मोबाईलमध्ये, कुणाच्या तरी लग्नातला.
मांडवाच्या खांबाशी दहा-बारा जण,
मधे तो, चौकड्यांच्या शर्टात,
डोळे अर्धवट मिटलेले.
"एवढाच आहे. सगळ्यांचे तोच काढायचा ना."

मी पेन टूल घेतलं.
कानामागून, मानेवरून, बिंदू बिंदू टाकत उतरले.
मांडव गेला, झालर गेली,
नवरा-नवरी गेले,
आईस्क्रीमचा कप चाटणारं एक पोर गेलं.
उरला तो,
आणि त्याच्या डाव्या खांद्यावर
चार बोटं, दोन हिरव्या बांगड्या.
मनगटाच्या पुढे पांढरं.

हा ठेवू का, विचारलं.
त्यांनी चष्मा कपाळावर सारून
पडद्याला नाक लावलं.
"माझाय तो."
आणि मग, "काढून टाक गं.
जिवंत माणसाचा हात
अशा फोटोत बरा नाही."

काढला.
उजव्या खांद्यावरच्या चौकड्या उचलून
डाव्यावर ठिगळ लावलं, रेघेला रेघ,
निळ्याला निळं.
रज्जाकभाईंनी दोनदा घड्याळ पाहिलं
आणि तिसऱ्यांदा चहा सांगितला.
हात गेला, पण त्याच्या कडेला
कापड दबलेलं होतं,
चार बारीक सुरकुत्या, बोटांच्या रुंदीच्या.
त्याही पुसता आल्या असत्या.
कळीवर बोट ठेवलेलं होतं मी.

मजकूर त्यांनी वहीच्या पानावर आणला होता.
समई आणि दोन गुलाब रज्जाकभाईंनी टाकलेच.
तरी उजवीकडे वीतभर जागा राहिली.
"इथं काहीतरी घाल की, पैसे दिलेत."
काय घालू, म्हटलं.
त्या बघत राहिल्या त्या जागेकडे,
बराच वेळ,
मशीन तापून तयार झालं तरी.
"असू दे," म्हणाल्या.
शंभर रुपये कमी दिले.

शुक्रवारी बसमधून दिसला,
वडगावच्या पुलाशी, दोन वाढदिवसांच्या मधे,
एक कोपरा सुटून फडफडत.
सुरकुत्या एवढ्या लांबून दिसत नव्हत्या.
दिसलं ते नाव. निवृत्ती काळभोर.
'ळ' नंतर माझ्याकडून जागा जरा जास्त सुटली होती,
त्यामुळे आधी नुसतंच 'काळ',
मग थोडा वेळ,
मग 'भोर'.

फुटपट्टी नव्हती जवळ.
कंडक्टर ओरडत होता,
पुढे सरका, पुढे सरका,
पुढे जागा आहे.