ठिपका

दर चार तासांनी एकदा तू असतोस.
मधल्या वेळात तू असल्याचा
माझ्याकडे काही पुरावा नसतो.

बर्म्युडा सोडल्याला अकरा दिवस झाले.
ओर्ताच्या या स्वयंपाकघरात, पावाच्या चुऱ्याशेजारी,
लॅपटॉपवर निळं पसरलंय आणि त्यात तू,
नारिंगी, मसुराच्या दाण्याएवढा,
कुणा डॉक्टरची होडी पोचवायला निघालेला.

माझे वडील कड्यावरच्या पांढऱ्या खोपटात बसायचे,
दुर्बिणीला डोळा लावून, देवमाशाचा फवारा शोधत.
दिसला की अग्निबाण सोडायचे
आणि गाव हातातलं टाकून होड्यांकडे धावायचं.
त्यांना हवामान कुणी सांगत नसे.
समोरच्या बेटावर पीकू डोंगराने ढगाची टोपी घातली
की म्हणायचे, आज नको.
बहुतेक वेळा बरोबर निघायचं.
दोनदा चुकले. ती नावं चर्चच्या भिंतीवर आहेत,
आणि वडील त्या भिंतीच्या बाजूला कधी बसले नाहीत.

मी तीन मॉडेलं उघडून बसते.
एक म्हणतं तीस नॉट, दुसरं म्हणतं बेचाळीस,
तिसरं अजून कालच्याच गोष्टी सांगतंय.
तिघांच्या भांडणातून एक वाक्य उचलायचं
आणि तुला पाठवायचं, एकशे साठ अक्षरांत.
तिथे ‘बाळा’ लिहिलं
तर वाऱ्याची दिशा मावत नाही.

मंगळवारी लिहिलं:
कमी दाब ४१ उत्तरेवरून जातोय. ३६ च्या वर चढू नकोस.
तीस तास थांब. पुढचं शीड उलटं धर, होडी उभी ठेव.
तू लिहिलंस: ठीक. कांदे संपले.

ठिपका थांबला.
मी सांगितलं म्हणूनच थांबला, हे मला ठाऊक होतं.
पण थांबलेला ठिपका आणि बुडालेला ठिपका
पडद्यावर सारखेच दिसतात, एलिदियु.

मग आठला नवी नोंद आली नाही.
बाराला नाही. चारला नाही.
ग्रासिएतेचा फोन: तो हलत का नाहीये?
म्हटलं, मीच हलू नको सांगितलंय.
आवाज माझाच होता, पण वडिलांसारखा लागला.

रात्री तुझी आजी उठली.
तिने सांत आंतोनियुची मूर्ती उचलली
आणि डोकं खाली करून बादलीत उभी केली.
पोरगा आला की काढीन, म्हणाली, आणि झोपून गेली.
मला झोप नव्हती.
तुझ्या वाट्याच्या वाऱ्याची शेपटी आमच्यापर्यंत आली,
दोरीवरचे चिमटे अंगणभर उडाले,
आणि मी ते अंधारात एकेक वेचत राहिले, पहाटे तीनला,
जणू चिमटे मोजले की तास कमी होतात.

शेवटची नोंद: एकोणीस तासांपूर्वी.
मग: वीस.
मग तू.
आधीच्या जागेपासून चौदा मैल पूर्वेला, काही न झाल्यासारखा.
यंत्र भिजेल म्हणून गादीखाली ठेवलं होतं.
तिथून त्याला आकाश दिसत नव्हतं.
मी झोपलो. अकरा तास. वारा ३८ होता.

अडतीस. तिघांपैकी कुणीच सांगितला नव्हता.

संताला बाहेर काढून पुसलं.
नाकाचा रंग थोडा गेलाय, आजीला सांगितलं नाही.

आज तू साठ मैलांवर आहेस. विचारतोस, पुढे काय?
तिन्ही मॉडेलं पहिल्यांदाच एकमताने म्हणतात, स्वच्छ.
खिडकीतून पाहिलं तर
पीकू कानापर्यंत टोपी ओढून उभा.

लिहिलं: वारा नैर्ऋत्य १२, लाट दोन मीटर.
पीकूने टोपी घातलीय. आजोबांचं ऐकायचं की नाही, तू ठरव.

अकरा अक्षरं उरली.
ती रिकामीच पाठवली.