भुईकाटा

पारोळा रस्त्यावर, जिनिंगच्या फाटकाला लागून
माझी टपरीएवढी केबिन.
भरला ट्रॅक्टर वजा रिकामा ट्रॅक्टर,
उरला तो कापूस.
एकोणीस वर्षं दुसऱ्यांचं वजन लिहितेय.

आईला उचलताना पाठ गेली.
खाटेवर, तिला कुशीला वळवून,
एका हाताने खालची चादर ओढत,
श्वास भलतीकडेच.
आई तेव्हा त्रेचाळीस किलो.
सिव्हिलच्या काट्यावर तिला धरून उभी केली होती,
म्हणून आकडा माहीत.
डॉक्टरांनी पट्टा दिला. म्हणाले, आता वाकायचं नाही.
मी नाही वाकले.
पेन खाली पडला तर पुढचा ड्रायव्हर येईस्तोवर
पेनाकडे बघत बसायचे.
आई गेली, तेव्हा तिच्या पायांना हात लावायला
मला दोघींनी धरून खाली बसवलं.

नाजनीन पिंजारीने
आजोबांच्या पिंजणाच्या खोलीत लोखंड मांडलं.
तुळयांवर अजून कापसाची धूळ,
पंखा लावला की बर्फासारखी उतरते.
तिने पहिल्या दिवशी मला नुसती काठी दिली.
डोकं, पाठ, माकडहाड, तिन्हीला टेकली पाहिजे.
काकू, दोन्ही हातांत घागरी असल्यावर
न्हाणीचं दार कसं लोटता मागच्या मागे?
तसं.
तीन आठवडे मी दार लोटत होते.
मग रिकामी दांडी. नडगीला घासत वर,
पोटात श्वास चारी बाजूंनी भरून,
ढोलाची दोरी आवळतात तसा.

जिजामावशी म्हणाली,
वं माय, पिशवी खाले ई जाई.
तिची आली होती,
चौथ्या खेपेला, अकराव्या दिवशी
तिला विहिरीवर धाडली तेव्हापासून.
तिला मी काय समजावू.
भिला ड्रायव्हर म्हणाला, ताई, मिशा येतील.
मी त्याच्या मिशा पाहिल्या,
बेताच्याच होत्या.
कंपाउंडर म्हणाला, मणका एकदाच मिळतो, जपून वापरा,
जणू साबणाची वडी, हात लावला की झिजली.
आणि काचेपलीकडे
पाठीवर गाठोडं घेऊन फळीवर चढणाऱ्या बाया,
सकाळपासून संध्याकाळपर्यंत, एकामागे एक,
त्यांच्या पिशवीचं नाव
या फाटकात कुणी काढलेलं मी ऐकलं नाही.

नाजनीन हट्ट करू देत नाही.
कळ आली की दांडी खाली.
अडीच किलो वाढवायला पंधरा दिवस घेते,
मी रागावले तर म्हणते,
तुमच्या काट्यावर कधी घाई करता का?

मार्गशीर्षातला बुधवार. सीझन भरात,
बाहेर ट्रॅक्टरांची रांग नदीच्या पुलापर्यंत.
वीसची दांडी, दहा आणि दहा,
वर सव्वा आणि सव्वा.
साडेबेचाळीस.
कुणाला काही सांगितलं नाही.
पाय रोवले, जमीन खाली ढकलली,
गुडघे सुटले, कंबर आली, उभी राहिले.
तशीच धरून ठेवली जरा वेळ.
काकू, ठेवा आता.
ठेवली. सावकाश, आवाज न करता.

अर्ध्या किलोचं काही आहे का, मी विचारलं.
ती हसली, तेवढ्याने काय होतं?
खरंय. माझा काटासुद्धा
पाच किलोच्या आतलं लिहीत नाही.

मी पिशवीतून अर्ध्या लिटरची बाटली काढली,
नळावर काठोकाठ भरली,
रुमालाने दांडीच्या मधोमध बांधली.
गाठ दोनदा तपासली.
तिने काही विचारलं नाही,
पंखा तेवढा बंद केला.
मी पुन्हा वाकले.