घडी मोडणे

ऑरेल रोशा वर्षाला अकरा घड्याळं करतो.
बारावं का नाही, असं दरवर्षी कुणीतरी विचारतं.
तो म्हणतो, डिसेंबरात माझ्या डोळ्यांना पाणी येतं.
एवढंच कारण.

मी कडा घासते.
एकोणीस वर्षं, खिडकीजवळच्या दुसऱ्या बाकावर,
वाळलेल्या जेन्शनच्या काडीने, हिऱ्याच्या भुकटीने.
नखातल्या चंद्राहून बारीक पोलादी कड
इतकी घासायची की इकडून बघितली तर काळी दिसावी
आणि जरा तिरकी धरली की पेटावी.
मग तिच्यावर तबकडी बसते, आणि ती कुणालाच दिसत नाही.
जुराच्या या खोऱ्यात त्याला वेड म्हणत नाहीत.
इथे हिवाळा सहा महिन्यांचा असतो.

जूनमध्ये शौकीन येतात.
आधी मनगट बघतात, मग चेहरा.
जेवणाच्या टेबलावर बाह्या सारून
सगळी मनगटं एका रांगेत मांडतात,
बाजारात मासळी मांडावी तशी,
आणि फोटो काढतात.
त्यांच्यातलाच एक, घेंटचा दंतवैद्य,
नाव खोदलेलं त्याचं घड्याळ कानाला लावून
आमच्या अंगणात, लाकडांच्या ढिगावर बसून राहिला,
कॉफी गार झाली तरी.
दुसऱ्या कुणी विचारलं, पुढे भाव चढेल ना?
ऑरेल तेव्हा गायींबद्दल बोलायला लागतो.

यंदा जानेवारीत चार नंबर परत आलं.
सिंगापूरचे क्वेक बून ह्वी,
नऊ वर्षं यादीत थांबून घेतलेलं.
पेटीत पेटी, त्या पेटीत आणखी एक.
तक्रार एका शब्दाची: थांबलंय.
पाठीवरची पातळ फिल्म तशीच होती.
पट्ट्याला सुरकुती नाही, बकलावर बोटाचा ठसा नाही.
आत तेलाचा जुना मध झालेला.
सात वर्षं तिजोरीत.
ऑरेल डोळ्यावरचं भिंग न काढता म्हणाला,
याला काही झालेलं नाही, गिस्लेन.
कधीच काही झालं नाही याला.

धुतलं. पुसलं. तेल दिलं.
तबकडीखाली माझी कड तशीच पेटत होती,
मला ओळख दाखवल्यासारखी.
उभं, आडवं, पालथं, सहा तऱ्हांनी ठेवून तपासलं.
दिवसाला दोन सेकंद पुढे.
सातवी तऱ्हा आमच्या यादीत नाही.

माझी आई नव्या कोटाची घडी
शेजारच्या योझेतकडून मोडून घ्यायची.
दुसऱ्याच्या अंगाची ऊब आधी लागली
की कापड टिकतं म्हणायची.
हे मला तेव्हाच का आठवलं, सांगता येत नाही.
ऑरेल जेवायला गेला होता. मी ते हातात घातलं.

तळं गोठलेलं, थेट ल पाँपर्यंत.
छप्पन्नाव्या वर्षी स्केट्स घालून मी निघाले,
हातमोज्याच्या आत नव्वद हजार फ्रँक
टिकटिकत होते, सशाच्या काळजासारखे.
पोरं ओरडत होती. कुणीतरी सॉसेज भाजत होतं.
धक्क्यापाशी पडले.
हात आधी टेकला.

तिळाएवढा ओरखडा. काचेच्या कडेवर, आठच्या जवळ.

ऑरेलने तो उजेडात धरला.
पॉलिशचं चाक सुरू केलं.
मग बंद केलं.
बिलात लिहिलं: सफाई, तेल, एक स्क्रू.
आणि पेटीत पेटी, त्या पेटीत आणखी एक.

मार्चमध्ये फोन आला. ऑरेलने तो माझ्याकडे दिला;
त्याला इंग्रजी येतं, पण तेव्हा येत नव्हतं.
क्वेक हळू बोलतात. म्हणाले, आठच्या जवळ काहीतरी आहे.
मी सगळं सांगितलं. तळं, धक्का, सॉसेजसुद्धा.
पलीकडे इतकी शांतता
की मला टिकटिक ऐकू आली,
किंवा तसं वाटलं.
आता नोकरी जाते, एवढंच मनात होतं.

मग त्यांनी विचारलं,
बर्फ किती जाड होता?

मी वीत उघडली
आणि फोनसमोर धरली.